संगजिरे : दगड मऊ, साक्ष पक्की

इतिहासाच्या पुस्तकात मोहेंजोदडोचे पान आले की दोन चित्रे हमखास असतात. पहिल्यात दाढी राखलेला, डोळे अर्धवट मिटलेला, एका खांद्यावरून नक्षीदार शाल घेतलेला पुरुष. त्याखाली लिहिलेले असते : 'पुरोहित-राजा'. दुसऱ्यात शिंगांचा मुकुट घालून मांडी ठोकून बसलेली आकृती आणि तिच्याभोवती जनावरे. त्याखाली लिहिलेले असते : 'पशुपती'. आपल्या मुलांच्या किती पिढ्यांनी ही दोन नावे पाठ केली असतील! पण या दोन्ही वस्तू ज्या दगडाच्या आहेत त्याचे नाव पुस्तक सहसा सांगत नाही. तो दगड म्हणजे संगजिरे. आणि 'पुरोहित', 'राजा', 'पशुपती' यांपैकी एकही शब्द त्या दगडावर कोणी वाचून दाखवलेला नाही. ही नावे नंतरच्या माणसांनी चिकटवलेली आहेत.

याच संगजिऱ्याच्या दुसऱ्या काही वस्तू भारतभूमीत सापडल्या आहेत. त्यांच्यावर घडवणाऱ्यांच्या आणि दान देणाऱ्यांच्या काळातली स्पष्ट, वाचता येणारी नावे कोरलेली आहेत. ती मात्र किती पुस्तकांत सापडतात? ज्या दगडावर नाव नाही त्याला नाव दिले जाते आणि ज्यावर नाव आहे त्याकडे पाठ फिरवली जाते. हा योगायोग आहे की सवय, याचा विचार आपण केला पाहिजे.

कामावरून पडलेली नावे

आधी दगडाची ओळख करून घेऊ. मराठीत त्याला संगजिरे म्हणतात, शंखजिरेही म्हणतात. शंखाशी किंवा जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. फारसीतल्या 'संग-ए-जराहत' या शब्दाचे हे लोकांच्या तोंडी रुळलेले रूप. संग म्हणजे दगड आणि जराहत म्हणजे जखम. याची पूड जखमेवर दाबत, म्हणून हा जखमेचा दगड. हिंदीत त्याला सेलखडी, घिया पत्थर, गोरा पत्थर अशी नावे आहेत. कन्नडमध्ये तो 'बळपद कल्लु', म्हणजे पाटीवरच्या पेन्सिलीचा दगड. तमिळमध्ये 'माक्कल', आणि त्याच्या स्वयंपाकाच्या भांड्याला म्हणतात 'कलचट्टी'. इंग्रजांना तो हाताला साबणासारखा लागला म्हणून ते सोपस्टोन म्हणाले. ग्रीकांना चरबीसारखा वाटला म्हणून स्टिअटाइट.

या नावांकडे नीट पाहा. जखम बांधणारा, पाटीवर लिहिणारा, चुलीवर भांडे चढवणारा, हाताने दगड चाचपणारा, अशा वापरणाऱ्या माणसांनी ती ठेवली आहेत. एकाही नावासाठी कोणाला पोथी उघडावी लागली नाही.

या दगडात मुख्यतः टाल्क हे खनिज असते, म्हणजे मॅग्नेशियमचे सिलिकेट. कठिणतेच्या मोजपट्टीत टाल्कचा क्रमांक 1, सर्वांत मऊ. नखाने ओरखडा निघतो, साध्या सुरीने कोरता येते, चरकावर फिरवून डबी काढता येते. पाणी शोषत नाही, आंबट पदार्थाने झिजत नाही, उष्णता धरून ठेवतो. म्हणूनच दक्षिणेत चिंचेच्या कोळाची आमटी दगडी भांड्यात करत आले. शिंप्याचा कापडावर रेघ मारायचा खडू, वेल्डरची लोखंडावर खूण करायची कांडी, अंगाला लावायची टाल्कम पावडर, कागद, रंग, चिनी माती, रबर, प्रयोगशाळेतल्या टेबलाचा पृष्ठभाग अशा असंख्य ठिकाणी तो आहे. ब्राझीलमधल्या रिओ शहरावर उभा असलेला 1931 चा ख्रिस्ताचा प्रचंड पुतळाही बाहेरून याच दगडाच्या छोट्या तुकड्यांनी मढवलेला आहे.

आणखी एक गुण सर्वांत महत्त्वाचा. हा मऊ दगड सुमारे 1000 अंशांच्या आचेत तापवला की त्याची अंतर्गत रचनाच बदलते आणि तो कठीण होतो. नखाला हार जाणारा दगड भट्टीतून बाहेर आला की सुरीलाही दाद देत नाही. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांना हे साडेचार हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. त्यांनी आधी मऊ दगड कोरला, मग भाजला. खसखशीएवढे बारीक मणीही त्यांनी असे केले. हे ज्ञान कोणत्याही मंत्रात नव्हते, ते भट्टीजवळ बसणाऱ्याच्या हातात होते. ज्यांच्या हाताला आपल्याकडे पुढे शेकडो वर्षे विद्या मानलेच गेले नाही, अशांचे हे हात होते.

चिकटवलेली नावे

सिंधू संस्कृतीच्या बहुतेक मुद्रा संगजिऱ्याच्याच आहेत. साधारण इंचभर चौकोनी तुकडा, पुढे जनावराची आकृती आणि वर चिन्हांची ओळ, मागे दोरी ओवायला भोक असलेला उंचवटा. मालाच्या गाठोड्यावर ओली माती थापून तिच्यावर ही मुद्रा उमटवत. अशा मुद्रा इराकमधल्या उर शहरातही सापडल्या आहेत. म्हणजे हा व्यापाराचा, हिशोबाचा, जबाबदारीचा शिक्का होता. त्यावरची लिपी आजवर सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही.

लिपी वाचता येत नाही, पण नावे मात्र ठरून गेली. 1925-26 च्या उत्खननात काशीनाथ नारायण दीक्षित यांना साडेसतरा सेंटिमीटर उंचीचा तो अर्धपुतळा सापडला. तो आज कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोहेंजोदडोत निर्विवाद म्हणता येईल असा राजवाडा सापडलेला नाही, निर्विवाद देऊळही नाही. तरी पुतळ्याला 'पुरोहित' आणि 'राजा' अशा दोन्ही पदव्या एकदम मिळाल्या. तो व्यापारी का नसेल? कारागिरांचा पुढारी का नसेल? गावचा वडीलधारा का नसेल? ज्यांच्या डोक्यात समाज म्हणजे वर पुरोहित आणि राजा अशीच उतरंड असते, त्यांना शाल पांघरलेला प्रत्येक पुरुष पुरोहितच दिसतो.

मुद्रेचेही तसेच झाले. जॉन मार्शल यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या आकृतीला शिवाचे आद्यरूप, पशुपती ठरवले. पुढे अभ्यासकांनी त्यावर रास्त शंका काढल्या. वैदिक भाषेत 'पशू' म्हणजे मुख्यतः पाळीव जनावरे. मुद्रेवर तर हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा आहेत. मग हा 'पशुपती' कसा? डोक्यावरची शिंगे रेड्याची आहेत, मग शिवाचा नंदी कुठे गेला? अशा शंका अभ्यासकांच्या नियतकालिकांत राहिल्या आणि नाव शाळेच्या पुस्तकात राहिले. एकदा नाव चिकटले की पुरावा मागणाराच आगाऊ ठरतो. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

ज्या दगडाने स्वतःची नावे सांगितली

आता दुसऱ्या बाजूला या. 1851 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि लेफ्टनंट मेसी यांनी सांचीचे स्तूप उघडले. दुसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात वालुकाश्माची एक पेटी निघाली. तिच्या आत संगजिऱ्याच्या चार डब्या होत्या, आणि लेखांत दहा थेरांची नावे कोरलेली. त्यांत एक नाव मज्झिम, दुसरे कस्सपगोत्त. कस्सपगोत्ताच्या नावापुढे तर 'सर्व हिमालय प्रदेशाचे आचार्य' अशी ओळख दिलेली होती. अक्षरे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची.

याचे महत्त्व काय? श्रीलंकेत इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत दीपवंस आणि महावंस हे पाली ग्रंथ रचले गेले. पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर थेर मोग्गलिपुत्त तिस्स यांनी चहूकडे धम्मप्रचारक पाठवले, असे त्यांत सांगितले आहे. हिमालयाकडे गेलेल्यांत नावे आहेत मज्झिम आणि कस्सपगोत्त! ग्रंथ लिहिला गेला समुद्रापलीकडे, सहाशे वर्षांनंतर. डब्या मात्र मध्य भारताच्या टेकडीवर मातीत बंद होत्या. ग्रंथकाराने डबी पाहिली नव्हती आणि डबी कोरणाऱ्याने ग्रंथ पाहणे शक्यच नव्हते. तरी नावे जुळली. इतिहासात साक्ष पटते ती अशी. पुराणांत अशोकाला राजांच्या यादीतले एक नाव आणि राज्याची वर्षे एवढीच जागा मिळाली. ज्या ग्रंथांना 'बौद्धांच्या दंतकथा' म्हणून बाजूला सारले जात होते, त्यांचा शब्द एका मऊ दगडाच्या डबीने खरा ठरवला.

आणि इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. प्रचारकांच्या त्याच यादीत 'महारट्ठ' देशाला गेलेले महाधम्मरक्खित आहेत आणि अपरांताला, म्हणजे कोकणपट्टीला गेलेले योन धम्मरक्खित आहेत. सांचीच्या डब्यांवर या दोघांची नावे नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण यादीतला एक भाग स्वतंत्र पुराव्याने खरा ठरला की उरलेल्या भागाचे वजन वाढते. त्यात अपरांतातल्या सोपाऱ्याला 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, 1956 मध्ये नवव्याचा मिळाला. सोपाऱ्याचा स्तूपही त्यांनीच उघडला होता. महाराष्ट्रात धम्म 1956 साली पहिल्यांदा आला असे समजणाऱ्यांनी आणि तसे आपल्याला ऐकवणाऱ्यांनी हे पुरावे एकत्र ठेवून पाहावेत. 1956 साली आपण नवीन घरात शिरलो नाही, बळकावलेल्या घरात परत आलो.

सांचीच्या तिसऱ्या स्तूपात दोन दगडी पेट्या निघाल्या. एकीच्या झाकणावर सारिपुत्ताचे नाव, दुसरीच्या झाकणावर महामोग्गलानाचे, हे तथागतांचे दोन अग्रशिष्य. आतल्या संगजिऱ्याच्या डब्यांच्या झाकणांत शाईने एकेक अक्षर लिहिलेले होते, एकात 'सा', दुसऱ्यात 'म'. कोणत्या डबीत कोणाच्या अस्थी, यात गफलत होऊ नये म्हणून कोणीतरी केलेली ही खूण. कोण्या राजाची प्रशस्ती नाही, चमत्काराची कथा नाही. काम चोख व्हावे एवढीच काळजी.

आठ वाटे आणि दोन डब्या

महापरिनिब्बान सुत्तात सांगितले आहे की तथागतांच्या अस्थींचे आठ वाटे झाले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो प्रसंग घेतला आहे. वाटेकऱ्यांत कपिलवस्तूचे शाक्य होते आणि वैशालीचे लिच्छवी होते.

जानेवारी 1898 मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा येथे विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराने आपल्या इस्टेटीतला स्तूप खणला. आत वालुकाश्माची अवजड पेटी होती आणि तिच्यात पाच पात्रे, चार संगजिऱ्याची, एक स्फटिकाचे. संगजिऱ्याच्या एका पात्राच्या झाकणाभोवती ब्राह्मी लेख होता. त्याच्या वाचनावर विद्वानांत वाद झाले. मात्र सर्वाधिक मान्य झालेला अर्थ असा : शाक्य भगवान बुद्धांच्या अस्थींचे हे निधान सुकितीच्या भावांनी, बहिणींसह, मुलांसह आणि पत्नींसह दिलेले आहे. बहिणी आणि पत्नी! ज्या काळात पुण्यकर्माचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही याचे नियम दुसरीकडे रचले जात होते, त्या काळात इथे घरातल्या बायका दानात बरोबरीने नोंदल्या गेल्या.

1971 नंतर पुरातत्त्व खात्याच्या के. एम. श्रीवास्तव यांनी तिथेच आणखी खोल खणले, तेव्हा विटांच्या कप्प्यांत संगजिऱ्याच्या आणखी डब्या आणि अस्थींचे तुकडे निघाले. शेजारच्या विहारात मातीच्या मुद्रा मिळाल्या, त्यांवर कपिलवस्तूच्या भिक्खुसंघाचे नाव होते.

वैशालीला 1958 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातले विद्वान अनंत सदाशिव आळतेकर यांनी एक स्तूप खणला. मूळ स्तूप साध्या मातीचा, नंतर विटांनी वाढवत नेलेला. आतून संगजिऱ्याची डबी निघाली. तिच्यात राखमिश्रित माती, एक लहान शंख, काचेचे दोन मणी, सोन्याचा बारीक पत्रा आणि तांब्याचे एक नाणे. हा लिच्छवींचा वाटा असावा, असा निष्कर्ष उत्खनन करणाऱ्यांनी काढला. गणराज्यातल्या लोकांनी आपल्या शास्त्याला दिलेला हा निरोप किती साधा होता, ते त्या डबीतल्या वस्तूंवरून कळते.

अस्थींसाठी हाच दगड इतक्या ठिकाणी का? चरकावर नीट उतरतो, झाकण घट्ट बसते, ओल आत जात नाही, अक्षर सहज कोरता येते. आणखी एक कारण मला दिसते. सोने वितळवता येते, तांबे वितळवता येते. संगजिरे वितळवून चोराच्या हाती काही लागत नाही. म्हणून आतला ऐवज गेला तरी नाव लिहिलेली डबी मागे राहू शकते.

ऐवजाची वाट आणि नावाची वाट

ऐवज गेलाच. पिपरहवाच्या अस्थी ब्रिटिश सरकारने 1899 मध्ये सयामचे राजे चुलालाँगकॉर्न यांना भेट दिल्या. बहुतेक रत्ने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली आणि एक हिस्सा पेपे यांच्याकडे राहिला. तोच हिस्सा 2025 च्या मे महिन्यात हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात निघाला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने भारतात परत आली. सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या अस्थीही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जाऊन पडल्या होत्या. 1947 मध्ये त्या परत निघाल्या आणि 1952 मध्ये सांचीच्या चेतियगिरी विहारात ठेवल्या गेल्या.

इथे काही मित्र विचारतील : आपण विज्ञानवादी, मग हाडांचे आणि डब्यांचे एवढे काय? प्रश्न योग्य आहे. डबीपुढे नवस बोलायचा असेल तर धम्म आपल्याला कळलाच नाही. डबी पुजायची नाही, वाचायची आहे. 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा 1948 चा ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांपुढे हीच अडचण होती. दलितांचा इतिहास लिहून ठेवणारे ग्रंथच नव्हते. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या कामाची तुलना फुटक्या दगडांवरून शहर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाशी केली. ज्यांचा इतिहास लिहू दिला गेला नाही, त्यांना दगडच वाचावे लागतात. लंडनला गेलेली डबी किंवा हाँगकाँगला लिलावात निघालेले रत्न हा आपल्या वाचनातून फाडून नेलेला कागद असतो.

घडवणाऱ्याचे नाव

याच दगडाने कारागिरांनाही नाव लिहू दिले. कर्नाटकातली होयसळांची मंदिरे ज्या हिरवट-काळ्या दगडात आहेत, तो संगजिऱ्याच्याच जातीचा. खाणीतून निघाल्यावर मऊ, म्हणून दागिन्यातली एकेक कडीही कोरता आली. बेलूरच्या 1117 च्या मंदिरात बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांनी मूर्तींखाली आपली नावे कोरली. मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराची सही तर तेराव्या शतकातल्या अनेक मंदिरांत मिळते. देवळे राजांच्या नावाने ओळखली जातात, पण छिन्नी कोणाच्या हातात होती हे त्या दगडाने लपवले नाही.

आज हा दगड सर्वाधिक निघतो तो राजस्थानात. खाणीत आणि दळण्याच्या गिरण्यांत जी धूळ उडते ती दगड फोडणाऱ्यांच्या फुप्फुसात साठते. दगडाच्या धुळीने होणारे रोग राज्यभर इतके वाढले की राजस्थान सरकारला 2019 मध्ये त्यांच्यासाठी वेगळे धोरण आणावे लागले. जखमेच्या दगडाची पूड आता जखम करते आहे, आणि ती होते आहे खोदणाऱ्या मजुराला. पावडरच्या डब्यावर कंपनीचे नाव असते, खाणकामगाराचे नसते.

मग आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, त्यांची चूक आपण करायची नाही. चिकटवलेल्या नावाला उत्तर म्हणून आपणही नाव चिकटवायचे, प्रत्येक मुद्रेवर बुद्ध पाहायचा आणि मोबाईलवरून शंभर जणांना पाठवायचे, याने आपला इतिहास सिद्ध होत नाही, उलट खऱ्या पुराव्याचीही किंमत उतरते. सिंधूची लिपी वाचलेली नाही, तर 'वाचलेली नाही' असेच म्हणायचे. 'पशुपती' सिद्ध नाही आणि 'बुद्ध'ही सिद्ध नाही. ज्यांच्याकडे सांची आणि पिपरहवासारखे कोरलेले पुरावे आहेत, त्यांना ओढून-ताणून पुरावा आणण्याची गरजच काय?

दुसरी गोष्ट, मुलांना घेऊन संग्रहालयात जा आणि वस्तूखालच्या पाटीला तीन प्रश्न विचारायला शिकवा. हे नाव वस्तूवर लिहिलेले आहे का? नसेल तर ते कोणी आणि कधी दिले? आणि ही वस्तू घडवली कोणी? शाळेच्या परीक्षेत 'पुरोहित-राजा' लिहावे लागेल तर लिहू द्या, पण ते नाव कोणी ठेवले हेही मुलाला माहीत असू द्या.

तिसरी गोष्ट, गावोगावच्या बुद्धविहारांत दर रविवारी वंदना होते. तिच्यानंतर पंधरा मिनिटे एका लेखाचे वाचन ठेवा. आज सांचीची डबी, पुढच्या रविवारी सोपाऱ्याचा शिलालेख, त्यानंतर जवळच्या लेणीतले दानलेख. कार्ले, कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथल्या भिंती सुतार, लोहार, माळी, व्यापारी, भिक्खुणी यांच्या दानाच्या नोंदींनी भरलेल्या आहेत. तिथला दगड कठीण बेसॉल्ट आहे, कोरायला जास्त घाम लागला असेल, एवढाच फरक. ती नावे आपल्याला वाचता आली पाहिजेत.

जय भीम!